एप्रनचा खिसा

४ जानेवारी, सोमवार

डॉक्टरांनी वही ठेवायला सांगितली आहे. "दोन ओळी लिहिल्यात तरी चालेल, पण रोज लिहा," म्हणाल्या. 'रोज' हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला आणि दोन्ही वेळा माझ्याकडे बघून. बायको शेजारीच बसली होती, तिच्याकडे एकदाही बघितलं नाही. माणसं नुसत्या चेहऱ्यावरून काय काय ठरवतात!

तर वही. दुकानातलं जुनं ऑर्डरबुक सापडलं. पहिली अकरा पानं भरलेली आहेत. त्यातल्या दोन ऑर्डरी अजून व्हायच्या आहेत हे आज लक्षात आलं. असो. बाराव्या पानापासून भिंगरी सुरू.

भिंगरी म्हणजे माझी मुलगी, वय साडेआठ, इयत्ता तिसरी. हे नाव मी ठेवलेलं, कारण ही बया चालायच्या आधी पळायला लागली. तिला एडीएचडी आहे असं डॉक्टरांचं निदान. म्हणजे लक्ष एका जागी टिकत नाही, अंग एका जागी टिकत नाही आणि मनात आलेलं तोंडात थांबत नाही. माझं म्हणणं, हे तर कुठल्याही धडधाकट पोराचं वर्णन झालं. मी स्वतः असाच होतो. बाकावर कमी आणि बाकाखाली जास्त. काय बिघडलं माझं? स्वतःचं फ्रेमचं दुकान आहे, चार माणसं ओळखतात. हे बायकोला ऐकवलं तर म्हणाली, "समोरचे दातवाले तर तुला फारच ओळखतात. त्यांची पदवी चार महिने तुझ्या टेबलाखाली पडलीय."

आता मुद्द्याचं. वर्गबाईंनी सांगितलंय, फेब्रुवारीअखेरपर्यंत वाट बघू. फरक पडला नाही तर भिंगरीला मागच्या इमारतीतल्या छोट्या वर्गात बसवायचं. तिथे आठ मुलं आणि दोन बाई. वाईट काहीच नाही. पण तिथे शेजारीण नाही. शेजारीण म्हणजे बालवाडीपासून हिच्या बाकावर बसणारी, जाड चष्म्याची, एका वेळी एकच वाक्य बोलणारी मुलगी. शाळेत हे सगळं भिंगरीनं ऐकलं. घरी येऊन तासभर पलंगाखाली जाऊन पडली. मग तिथूनच आवाज आला, "बाबा, शेजारणीशिवाय मी मधली सुट्टी कशी करू?" मग मी गोळीला हो म्हटलं.

उद्यापासून गोळी. आधी पोटभर खाणं, मग गोळी, मग शाळा. बायको बेकरीत आहे. ऑफिसांना आणि शाळांना पाव पुरवणारी बेकरी, त्यामुळे शनिवार-रविवार बंद, पण बाकीचे पाच दिवस पहाटे चारला हिला घर सोडावं लागतं. म्हणजे पाच दिवस गोळीचं खातं माझ्याकडे. तिनं मला तीनदा बजावलं. मी म्हटलं, एक गोळी द्यायला काय लागतं?

५ जानेवारी, मंगळवार

दिली. पोळी-जॅम खाऊन झाल्यावर पाण्याबरोबर. तिनं जीभ बाहेर काढून दाखवली की गेली.

संध्याकाळी स्वेटर घरी परत आला. शाळेच्या ह्या वर्षातला हा तिसरा स्वेटर आणि शाळेतून स्वतःच्या पायांनी परत आलेला पहिला. येताना रस्त्यात विचारलं, "बाबा, आज आमच्या वर्गात सगळे हळू बोलत होते का रे?" मी म्हटलं, मला काय माहीत, मी कुठे होतो वर्गात. मग बराच वेळ तिच्या प्रश्नाचा विचार करत राहिलो. साडेआठ वर्षं हिला सगळं जग मोठ्यानं ओरडतच ऐकू येत होतं की काय?

६ जानेवारी, बुधवार

दिली. गृहपाठ पंचवीस मिनिटांत. एरवी दीड तास, दोन रबर आणि एक रडारड लागते. जेवताना सांडलं, पण पुसलंही तिनंच. डबा मात्र अर्धा परत.

मान्य करतो, गोळीत दम आहे.

८ जानेवारी, शुक्रवार

आज दिवस वाईट गेला. सकाळी गोळी काढून पातळ कागदात गुंडाळून ठेवली, कारण खाणं व्हायचं होतं. तेवढ्यात खाली दुकानात काहीतरी पडल्याचा आवाज आला. धावत गेलो तर आरशाची पट्टी भिंतीवरून घसरली होती, काच शाबूत. ती उचलून ठेवताना दिसलं की कोपऱ्याचा काप पंचेचाळीस अंशांना जरा कमी पडलाय, म्हणून तोही नीट केला. वर आलो तोवर निघायची वेळ झालेली. बुटाची एक नाडी सापडेना. पळतच शाळा गाठली.

दुपारी बाईंची चिठ्ठी. वर्गात चार वेळा जागेवरून उठली, शेजारणीची पाण्याची बाटली सांडली, दोन तास वर्गाबाहेर उभी. तीन दिवसांतच औषधाचा जोर ओसरला असं दिसतंय. मला वाटलंच होतं.

१२ जानेवारी, मंगळवार

काल ठीक, आज पुन्हा वाईट. हे औषध मोठं लहरी आहे. डॉक्टरांना विचारायला हवं की एक दिवस लागू पडतं आणि एक दिवस नाही, असं का. मला वाटतं हवामानाचाही संबंध असावा, कारण आज सकाळपासून ढग

१४ जानेवारी, गुरुवार

परवाची नोंद अर्धी राहिली. दातवाले आले होते पदवी विचारायला. त्यांना म्हटलं, शनिवारी नक्की. ते म्हणाले, कुठल्या महिन्यातला?

आज शाळेच्या फाटकाशी भिंगरी थांबली. मला म्हणाली, "बाबा, काही द्यायचं राहिलं का?" मी खाली वाकून तिच्या दोन्ही गालांच्या पाप्या घेतल्या. ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली, मग "बरं" म्हणून आत गेली. पोरगी मोठी होतेय आणि तरी पापी मागते, ह्या आनंदात मी दुकानाची किल्ली फाटकावरच विसरलो.

दुपारी चिठ्ठी. बाकावर उभी राहून पंखा कसा फिरतो ते सगळ्यांना समजावून सांगत होती. मला विचाराल तर वर्गातलं कुणी तरी काही तरी शिकलं.

१८ जानेवारी, सोमवार

डॉक्टरांच्याकडच्या समुपदेशक बाईंनी एक युक्ती सांगितली आहे. "लवकर आवर" असं म्हणायचं नाही. त्या दोन शब्दांत दहा कामं असतात आणि मुलीला त्यांतलं पहिलं कुठलं तेच कळत नाही. एकेक काम चित्रानं दाखवायचं. मी चांगला पांढरा माउंटबोर्ड कापून दिला आणि भिंगरीनं चित्रं काढली: दात, कपडे, खाणं, दप्तर, डबा, बूट. डब्याला तिनं मिशा काढल्यात. प्रत्येक चित्राखाली चौकट, काम झालं की बरोबरची खूण. तक्ता घराच्या दारावर लावला.

मी म्हटलं, गोळीचं चित्र राहिलं. ती म्हणाली, "ते माझं काम नाही, तुझं आहे." बरोबर आहे.

२४ जानेवारी, रविवार

मी एक शोध लावला आहे. वहीची मागची पानं चाळून तक्ताच केला. शनिवार, रविवार: पोरगी उत्तम. काल तीन तास बसून घोड्याचं चित्र काढलं, आज आईला भांडी पुसायला मदत केली आणि एकही कप फुटला नाही. सोमवार ते शुक्रवार: गेल्या दोन आठवड्यांच्या दहातले सात दिवस वाईट. म्हणजे दोष कुणाचा? शाळेचा! शनिवार-रविवारी तेच औषध, तीच मुलगी, फक्त शाळा नाही. मी हे बायकोला सांगितलं तेव्हा ती झोपायला चालली होती. ती म्हणाली, "तू गोळी वेळेवर देतोयस ना?" मी बाटली आणून दाखवली. तिनं मोजल्या, बेकरीत लाद्या मोजते तशा बोट ठेवून. एक कमी नाही, एक जास्त नाही. "सॉरी," म्हणाली. मी मोठ्या मनानं माफ केलं.

२९ जानेवारी, शुक्रवार

डॉक्टरांना वही दाखवली. त्यांनी माझा तक्ता नीट वाचला, पण शाळेबद्दलचा माझा शोध त्यांना फारसा पटला नाही. "गोळ्या चुकल्या नाहीत ना?" त्यांनी विचारलं. बायको म्हणाली, "मी रविवारीच बाटली मोजली." मग त्या म्हणाल्या की पहिली मात्रा कमी पडते आहे असं दिसतं, मोठी गोळी देऊन बघू. भिंगरी खुर्चीत अर्धी उलटी होऊन आमचं बोलणं ऐकत होती. तिनं तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि मिटलं. मनातलं तोंडात थांबलं! मी लगेच डॉक्टरांना म्हटलं, बघा, सुधारणा आहे.

शाळेतून निरोप आहे की छोट्या वर्गात एक जागा ठेवली आहे. चार आठवडे उरले.

१ फेब्रुवारी, सोमवार

बेकरीची भट्टी दुरुस्तीला काढली आहे, त्यामुळे आठवडाभर बायको घरी. सकाळचं खातं तिनं घेतलं आहे. तिनं मला नवा एप्रन आणलाय, निळा, बिनडागाचा. जुना इतका ताठ झालाय की आता आपला आपण उभा राहतो, असं म्हणते. तो खुंटीवर टांगला.

मोठी गोळी सुरू. आज चिठ्ठी नाही.

३ फेब्रुवारी, बुधवार

बाई फाटकापर्यंत आल्या, हसत. "किती छान बसते हो आता! आवाजसुद्धा नाही." मी म्हटलं, वा.

डबा भरलेला परत आला, तिन्ही दिवस. रात्री दोन घास. ओठांची सालं काढत बसते. रस्त्यानं येताना पूर्वी हिच्या बडबडीनं माझं डोकं उठायचं. कुत्रा, खांब, ढग, शेजारणीची मावशी, सगळं एका दमात. आज आम्ही शाळेपासून दुकानापर्यंत आलो आणि माझ्या चपलांचा आवाज मला ऐकू आला. मी विचारलं, काय गं, डोक्यात काय चाललंय? ती म्हणाली, "काही नाही. सुट्टीच्या दिवशी शाळा कशी असते बाबा? तसं आहे."

दुकानात जाऊन शटर अर्धं ओढलं आणि रडलो. लिहून टाकतो, कोण बघतंय.

५ फेब्रुवारी, शुक्रवार

बायकोशी कडाक्याचं भांडण. मी म्हटलं, बंद कर ते औषध, माझी पोरगी मला परत दे. ती म्हणाली, "पोरगी तुझी एकट्याची आहे का? मला काय तिला असं बघवतंय? पण वर्गाबाहेर उभं राहून ती रोज रडायची ते चाललं असतं का?" मग दोघंही हळू आवाजात भांडलो, कारण भिंगरी आत तक्त्यावर खुणा करत होती. सहाच्या सहा. मिशावाल्या डब्यापुढेसुद्धा खूण, आणि डबा भरलेला.

डॉक्टरांनी सोमवारी बोलावलंय.

६ फेब्रुवारी, शनिवार

आज जे झालं ते नीट, क्रमानं लिहायचं आहे. मध्ये कुणी आलं तरी उठणार नाही.

दातवाल्यांची पदवी करायला घेतली. डोक्यात भांडण होतं, हाताला काम हवं होतं. गोंदाचं काम, नवा एप्रन खराब होईल म्हणून खुंटीवरचा जुना चढवला. हूक हवा होता. माझा खिसा म्हणजे अडगळीची खोली, त्यात हात घातला तर पेन्सिलीचे तुकडे, खिळे, फडकं आणि पातळ कागदाची एक पुडी. हूक मी तशाच कागदात गुंडाळतो, म्हणून उघडली. आत गोळी. पुढची उघडली, गोळी. मग खिसा टेबलावर उलटा केला.

बारा पुड्या. शेवटच्या तीन-चार बघायची गरज नव्हती, तरी उघडल्या.

एकोणीस दिवस होते माझ्या खात्यात. एकोणीस सकाळी मी बाटलीतून गोळी काढली, खाणं झालं की देऊ म्हणून गुंडाळून खिशात टाकली. सात वेळा दिली. बारा वेळा काहीतरी पडलं, कुणीतरी आलं, नाडी सापडली नाही. बाटली बरोबर रिकामी होत होती. मी वहीत लिहीत होतो, औषध लहरी आहे. मी लिहिलेलं वाचून डॉक्टरांनी मोठी गोळी दिली.

 पुढचं सांगायला लाज वाटते, पण मनात पहिला विचार आला तो पुड्या लपवायचा. तेवढ्यात भिंगरी पुठ्ठा मागायला खाली आली. टेबलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"सापडल्या?" ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"आधी मला वाटायचं मीच खाल्ली आणि विसरले. मग एकदा लक्ष ठेवलं. तेव्हा फाटकाशी विचारलं होतं ना, काही द्यायचं राहिलं का. तू पापी दिलीस."

"अगं राणी, मग सरळ सांगायचं ना! नाही तर आईला सांगायचं."

तिनं टेबलावरचा वाळका गोंद नखानं खरवडायला घेतला. "आई तुला ओरडली असती."

"ओरडू दे की! मी काय लहान आहे?"

"नाही बाबा. विसरल्यावर कुणी ओरडलं ना, की पोटात कसं होतं ते मला माहितीये. तुला नाही माहीत."

बारा दिवस ही पोर माझ्यापायी वर्गाबाहेर उभी राहिली. छोट्या वर्गात जायची पाळी येत होती, शेजारीण सुटत होती, आणि तोंडातून एक अक्षर नाही. जिच्या तोंडात काही थांबत नाही म्हणून आम्ही डॉक्टर गाठला, तिच्या तोंडात एवढं थांबलं होतं. मी तिला जवळ घेतलं. तिनं थोडा वेळ घेऊ दिलं, मग म्हणाली, "पुठ्ठा?"

आणि मला माहीत आहे, भिंगरे. चौथीत असताना मी एका वर्षात पाच छत्र्या हरवल्या होत्या. पाचव्या छत्रीच्या दिवशी संध्याकाळ होईपर्यंत घरी गेलो नव्हतो.

वर जाऊन बायकोला सांगितलं. पुड्या तिच्या हातात दिल्या. मला वाटलं आता आभाळ कोसळणार. तिनं त्या मोजल्या, वाटीत ठेवल्या, वाटीवर झाकण ठेवलं आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तिथूनच म्हणाली, "मी बाटलीच मोजत बसले. पोरीला एकदा विचारलं नाही." मग पदरासारखं हातातलं फडकं डोळ्यांना लावलं, त्याला मिरपूड लागलेली होती, आणि त्यावर आम्ही दोघंही हसलो. लग्नाला अकरा वर्षं झाली. बायको ह्यापेक्षा चांगली मिळाली नसती, हे इथे लिहून ठेवतो, तोंडावर सांगायचं राहून जातं.

८ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरांसमोर पुड्यांची वाटी ठेवली. सगळं बोललो. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आलात आणि सांगितलंत, हे फार बरं केलंत." पुड्या परत घेतल्या. पहिलीच गोळी पुन्हा सुरू, ह्या वेळी रोज, खाण्यानंतर.

मी म्हटलं, मोठ्या गोळीवर ती अगदी गप्प बसत होती, बाई खूश होत्या. त्या म्हणाल्या, "तिनं पुतळा व्हावं ही माझी इच्छाच नाही. लक्षणं कमी झाली एवढं मला पुरत नाही. ती जेवते का, तिचा तिला बूट सापडतो का, मैत्रिणीशी भांडण झालं तर मिटवते का, संध्याकाळी हसते का, हे लिहा." मग मला सहज विचारलं, "तुम्ही लहानपणी कसे होता हो?" मी सांगायला सुरुवात केली. छत्र्या, बाकाखालचा मी, अर्धवट सोडलेले दोन कोर्स, दातवाल्यांची पदवी. वीस मिनिटं बोललो असेन. बायको छताकडे बघत होती. शेवटी डॉक्टरांनी मला एक कागद दिला, मोठ्या माणसांसाठीचे प्रश्न आहेत, म्हणाल्या, सवडीनं भरून आणा. पालकांची माहिती गोळा करत असतील. नीट ठेवला आहे.

९ फेब्रुवारी, मंगळवार

भिंगरीनं माझ्यासाठी तक्ता केला. चित्रं: चष्मा, किल्ली, गोळी, तिचा हात धरलेला मी, दुकानाचं कुलूप. गोळी ताटलीत काढली आहे आणि शेजारी एप्रनच्या खिशावर मोठी फुली. दाराशी एकाशेजारी एक आमचे दोन तक्ते.

मी म्हटलं, तुझा इतका सुंदर झालाय, फ्रेम करून देऊ? म्हणाली, "काचेच्या आत टिक कशी करणार?" मग स्वतःच उड्या मारायला लागली. "काचेवरच करू! पेननं! आणि रात्री पुसायची!" मागचा पुठ्ठा, पट्टी, काच. हिरकणीनं काच कापताना ती दोन हात मागे बांधून उभी राहिली, एक मिनिटभर, सांगितल्याशिवाय. दोन्ही तक्ते त्याच दिवशी पूर्ण. हात चालूच होता म्हणून दातवाल्यांची पदवीही करून टाकली. नेऊन दिली तर त्यांनी मला खुर्चीत बसवून पाणी दिलं.

गोळी: ताटलीतून दिली.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

चार दिवस, चार गोळ्या. डबा पाऊण संपतो. बडबड परत आली, पण आता एका गोष्टीचा शेवट झाल्यावर दुसरी सुरू होते. मला आता शेजारणीच्या मावशीबद्दल इतकं माहीत आहे की ती रस्त्यात भेटली तर मला तोंड लपवावं लागेल.

संध्याकाळी सहानंतर चिडचिड होते, गोळीचा असर उतरतो तेव्हा. दप्तर फेकलं, मला "वाईट बाबा" म्हणाली, मग दहा मिनिटांनी मांडीत येऊन बसली. डॉक्टरांना विचारायचं.

१७ फेब्रुवारी, बुधवार

शेजारणीशी भांडण, रंगपेटीवरून. भिंगरीनं ढकललं. मी धास्तावलो. पण मधल्या सुट्टीत ती आपणहून गेली आणि सॉरी म्हणाली. शेजारीण म्हणाली, "बरं." एकच वाक्य. भिंगरी घरी येऊन मला म्हणाली, "मला मध्ये थोडी जागा मिळाली बाबा, ढकलल्यावर आणि पळून जायच्या मध्ये. तिथे विचार केला."

स्वेटर मात्र हरवला. तिसरा.

२२ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी मी घाईत होतो, किल्ली शोधत होतो. भिंगरी बूट घालून दारात उभी. माझ्या तक्त्याकडे बोट करून म्हणाली, "दुसऱ्या चित्रापाशी थांब. पुढचं बघू नकोस." किल्ली सापडली, फ्रिजच्या वर. मग ताटलीतली गोळी घेतली, जीभ दाखवली, आणि माझ्या काचेवर माझ्यासाठी खूण केली.

२६ फेब्रुवारी, शुक्रवार

शाळेत बोलावलं होतं. बायको बेकरीतून थेट आली, केसांत पीठ. बाईंनी वही उघडली. त्यांच्यापाशीही वही असते हे मला माहीत नव्हतं. म्हणाल्या, "अजून उठते. अजून मध्येच बोलते. पण ह्या दोन आठवड्यांत हाती घेतलेलं काम पूर्ण करून माझ्या टेबलावर ठेवते. आणि काल पंखा बंद पडला तेव्हा हात वर करून विचारलं की मी सांगू का, तो कसा फिरतो. म्हटलं सांग. छान सांगितलं." छोट्या वर्गातली जागा दुसऱ्या मुलाला दिली आहे. भिंगरी आहे तिथेच राहणार. पुढे काही वाटलं तर पुन्हा बोलू.

बाहेर बाकावर त्या दोघी बसल्या होत्या. भिंगरीनं माझा चेहरा बघितला आणि किंचाळली. शेजारीण चष्मा सावरत म्हणाली, "मला माहीत होतं." बायको मला धरून रडली, माझ्या शर्टावर पिठाचे हात उठलेत, ते अजून झटकले नाहीत.

संध्याकाळी बायको म्हणाली, डॉक्टरांनी तुला दिलेला कागद भरलास का? मी म्हटलं, तो तर मी नीट ठेवलाय. कुठे, ते आठवेना. कपाट पाहिलं, ऑर्डरबुक झटकलं. भिंगरी उठली, खाली गेली आणि निळ्या एप्रनच्या खिशातून तो घेऊन आली. चार घड्या, एक कोपरा गोंदाला चिकटलेला.

"बस," म्हणाली. पेन घेऊन माझ्यासमोर बसली, डॉक्टर बसतात तशी, पाय मात्र हलत होते. पहिला प्रश्न वाचला, बोट ठेवून, सावकाश: "'हाती घेतलेलं काम शेवटच्या टप्प्यावर अर्धवट राहतं का? कधीच नाही, क्वचित, कधीकधी, नेहमी.'"

मी म्हटलं, "क्वचित."

तिनं पेन कागदावर टेकवलं नाही. बायको आतून ऐकत होती, कपबशांचा आवाज थांबला होता.

"बाबा," भिंगरी म्हणाली, "खरं सांग. कुणी ओरडणार नाहीये."

मग मी खरं सांगितलं, आणि तिनं खूण केली.